डॉक्टर, मी शहाणी आहे का?

गेल्या महिन्यात मी मृत्युपत्र केलं. (पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी लगेच फोन उचलू नयेत. कुणाला काय ठेवलंय ते इथं लिहिणार नाही.) वकील म्हणाले, "बाई, सत्तरी उलटली आहे, डॉक्टरांचा दाखला जोडू. कायद्यानं सक्ती नाही, पण उद्या कुणी हरकत घेतली तर उपयोगी पडतो." म्हटलं, बरं. जवळच्याच एका दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. रक्तदाब बघितला, छातीला नळी लावली, "झोप लागते ना?" विचारलं आणि छापील कागदावर सही करून शिक्का मारला. कागदावर लिहिलं होतं की सदर व्यक्ती शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम असून स्वतःचे हित-अहित समजण्यास पात्र आहे. वेळ चार मिनिटं. फी तीनशे रुपये.

मी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. चार मिनिटांत मला नव्या पोराचं नाव आणि गाव यापलीकडं काही कळायचं नाही. म्हणून जाता जाता विचारलंच, "डॉक्टर, मला हित-अहित समजतं हे तुम्हाला कशावरून कळलं?" ते हसले. "बाई, तुम्ही हे विचारलंत ना, त्यावरूनच!" उत्तर हजरजबाबी होतं, मलाही हसू आलं. पण रिक्षात बसल्यावर ते हसू मावळलं, कारण मला माझा एक विद्यार्थी आठवला. त्यालाही असाच एक दाखला मिळाला होता. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्याचं नाव, गाव, साल काही सांगत नाही. नववीला माझ्या वर्गात होता. खिडकीजवळचा शेवटून दुसरा बाक, अक्षर मोत्यासारखं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पंचविशीत त्याला माणसं आपल्याविरुद्ध कुजबुजताहेत असं ऐकू यायला लागलं. आईनं आधी देवऋषी केला, मग डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटलं, बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद झाल्या. (हे चक्र ज्यांच्या घरात फिरलंय त्यांना जास्त सांगायला नको.) आणि एके दिवशी त्यानं सख्ख्या चुलत्याच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला. चुलता वाचला. पोरगा पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तिथंच कट्ट्यावर बसून राहिला.

ज्या सरकारी दवाखान्यात त्याला नेलं तिथं ड्यूटीवर एक डॉक्टर होते. मानसोपचाराचे नव्हते. त्यांनी लिहिलं, 'शुद्धीवर आहे, स्थळकाळाचे भान आहे, फिट.' पुढं कोर्टात साक्षीलाही तेच आले. आरोपीला आपण काय करतो आहोत ते समजत होतं का, असं विचारल्यावर म्हणाले, "मी तपासलं तेव्हा तो नीट बोलत होता." झालं. पाच वर्षं.

त्याच्या आईकडं एक पिशवी होती. कापडदुकानात मिळते तशी, बंद तुटलेली. तिच्यात तीन वर्षांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, एका मानसोपचारतज्ज्ञाचं केसपेपर. ती बाई प्रत्येक तारखेला ती पिशवी मांडीवर घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची. पोलिसांनी तिला ती उघडायला सांगितली नाही, डॉक्टरांनी नाही, सरकारकडून मिळालेल्या वकिलानंही नाही. मला हे सगळं कळलं ते निकालानंतर, जेव्हा तिनं ती पिशवी माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर ओतली. "बाई, ह्ये कागद कुटं दाखवायचं असत्यात?" तिचा प्रश्न एवढाच होता. मला उत्तर देता आलं नाही. आज हा लेख लिहिते आहे तो त्या प्रश्नामुळं.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांना जेवढं शिकवलं होतं तेवढं त्यांनी केलं. माझं भांडण शिकवणाऱ्या व्यवस्थेशी आहे. आपल्याकडं एमबीबीएस होताना न्यायवैद्यकशास्त्र हा स्वतंत्र विषय असतो, त्याची परीक्षा असते. पण त्यातला मोठा भाग जखमा, विषं आणि शवविच्छेदनाचा. मानसोपचाराचा वेगळा पेपरच नाही, त्याचे प्रश्न मेडिसिनच्या पेपरात येतात. म्हणजे मेलेल्या माणसाचं पोट कोर्टासाठी कसं उघडायचं ते प्रत्येक डॉक्टरला येतं. जिवंत माणसाचं मन कोर्टासाठी कसं तपासायचं, ते मात्र ज्याचं त्यानं अनुभवानं शिकायचं! आणि तो अनुभव कुणाच्या जिवावर घ्यायचा, तर माझ्या विद्यार्थ्यासारख्याच्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई, कायद्यात तशी तरतूद आहे की. आहे. मी नवा कायदा वाचला आहे (नातवानं मोठ्या अक्षरात छापून दिला). १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या ३६७ व्या कलमात, आणि त्याआधीच्या जुन्या संहितेतही, आरोपी मनानं ठीक नाही असं मॅजिस्ट्रेटना वाटलं तर त्याची तपासणी करायची, जिल्हा शल्यचिकित्सकांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडं किंवा मानसशास्त्रज्ञाकडं पाठवायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे. निष्कर्ष मान्य नसेल तर मेडिकल बोर्डाकडं दादही मागता येते. पण मॅजिस्ट्रेटना तसं वाटायला तर हवं! आणि त्यांना वाटणार कशावरून? पहिल्या दिवशीच्या त्या 'फिट' वरून. दाराशीच ज्याला शहाणा ठरवला, त्याला आत नेऊन कोण तपासतो? शिवाय हे कलम तपासाच्या आणि खटल्याच्या वेळी माणूस आपला बचाव करण्याजोगा आहे का, एवढंच बघतं. गुन्हा केला त्या क्षणी त्याचं मन कसं होतं, हा प्रश्न निराळा. आणि तो शंभरपट अवघड आहे.

त्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगते, सवय जात नाही. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान पील यांचे सचिव ड्रमंड यांना गोळी घातली. मारायचं होतं पीलना. सरकार आपल्या मागावर आहे असा त्याला भ्रम होता. तो सुटला, लोक खवळले, आणि इंग्लंडच्या न्यायाधीशांनी नियम घालून दिले. कृत्याचं स्वरूप त्याला कळत होतं का, ते चूक आहे हे कळत होतं का. आपल्या १८६० च्या दंड संहितेत तेच ८४ वं कलम झालं, आणि आता भारतीय न्याय संहितेत २२ वं. आकडा बदलला, प्रश्न तोच राहिला. नुसता आजार असून भागत नाही. त्या आजारानं त्या क्षणी समज पुसून टाकली होती का, हे बघायचं. आणि सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. म्हणजे दवाखान्याचा प्रश्न 'याला काय झालंय आणि काय दिलं की बरं वाटेल' हा, तर कोर्टाचा प्रश्न 'सहा महिन्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, याच्या मनात काय होतं' हा! पहिल्यात हुशार असणारा डॉक्टर दुसऱ्यात हुशार असेलच असं नाही. गणिताच्या मास्तरांना चित्रकलेच्या तासाला बसवल्यासारखं ते होतं. (मला बसवलं होतं एकदा. मुलांनी वर्षभर डोंगर, सूर्य आणि नारळाचं झाड काढलं.)

हे काम नीट झालं तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. १९९४ साली एका पोलीस शिपायानं आपल्या बायकोच्या डोक्यात दगड घालून तिचा जीव घेतला. खालच्या कोर्टात आणि उच्च न्यायालयात शिक्षा झाली. सप्टेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला ८४ व्या कलमाचा फायदा दिला. कशाच्या आधारावर? घराण्यातला आजार, घटनेच्या आधीचे उपचारांचे कागद, कारणाचा क्षुल्लकपणा, त्यानं पळून न जाणं, आणि अटकेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा उपचारांसाठी न्यावं लागलं ही नोंद. आधीचं आणि नंतरचं जोडून मधला क्षण समजून घ्यायचा, असं ते काम. माझ्या विद्यार्थ्याच्या आईच्या पिशवीत यातलं बरंचसं होतं. आणि या शिपायालासुद्धा ते मान्य व्हायला आठ वर्षं लागली, दिल्लीपर्यंत जावं लागलं. त्या मेलेल्या बाईचं दुःख मी विसरत नाही. पण तिच्या माहेरच्यांनाही आठ वर्षं तीच तारीख पुन्हा पुन्हा ऐकावी लागली असेल.

इथं कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडं येते.

१७ ऑगस्ट २०२५. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं. चाळीस-बेचाळीस वर्षं वकिलांनी लढा दिला. मोर्चे, उपोषणं, कामावर बहिष्कार. मीसुद्धा एकदा शाळेच्या बायका घेऊन मोर्च्यात चालले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या माणसांची मुंबईची वारी चुकली. पेढे मीही खाल्ले. पण दुसऱ्या दिवशी भाऊसिंगजी रोडवरनं जाताना जुन्या कोर्टाच्या इमारतीवरची रोषणाई बघितली, मान वळवली, तर समोर थोरला दवाखाना. सीपीआर! मधे एक रस्ता. सिग्नल नसला तर दोन मिनिटांत ओलांडता येईल असा. आणि मनात आलं, या रस्त्याच्या त्या बाजूला मन कळणारी माणसं आहेत, या बाजूला कायदा कळणारी. दोन्ही कळणारा माणूस घडवण्यासाठी कुणी एक दिवस तरी उपोषण केलंय का?

कुणी म्हणेल, कोल्हापूरला याचं एवढं काय पडलंय. अहो, या शहराइतकं हे कुणाला कळायला हवं होतं! आपला एक छत्रपती यात गेला.

चौथे शिवाजी महाराज. जन्म १८६३. पोरसवदा राजा, दत्तक आलेला, इंग्रजांच्या देखरेखीखाली वाढलेला. पुढं तो वेडा असल्याचं जाहीर झालं. त्याच्यावर गोऱ्या शिपायांचा पहारा बसला. त्याचा छळ होतो आहे म्हणून टिळक आणि आगरकरांनी केसरी-मराठ्यातून दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर झोड उठवली. त्यांच्या हाती आलेली पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशे एक दिवस! हे तुम्हाला शाळेत मी किंवा माझ्यासारख्या कुणीतरी शिकवलेलं असणारच. पण शिकवताना आपला सगळा भर टिळक-आगरकरांच्या तुरुंगवासावर असतो. राजाच्या कोठडीवर नसतो. १८८३ च्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, नगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत हा राजा गेला. वय वीस.

तो खरंच आजारी होता की त्याला आजारी ठरवलं, यावर आजही कोल्हापुरात कट्ट्याकट्ट्यावर दोन तट पडतात. मी कुठल्याच तटात नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. समजा, तो आजारी होता. मग त्याला शिपाई कशाला, शुश्रूषा करणारा माणूस हवा होता. समजा, तो आजारी नव्हता. मग ते सांगायला सरकारपासून स्वतंत्र असा एकही डॉक्टर नव्हता. तपासणारे सरकारचे, ठरवणारं सरकार, आणि राज्यकारभारही त्यांच्याच माणसांच्या हाती. दोन्ही बाजूंनी तो पोरगा मेलाच असता. वेड आहे की नाही यापेक्षा ते कोण ठरवतो, कुणाच्या सांगण्यावरून ठरवतो आणि ठरवल्यावर त्या माणसाचं काय करतो, हे मोठे प्रश्न आहेत. (योगायोग बघा. इंग्लंडमध्ये गुन्हा केलेल्या मनोरुग्णांसाठी ब्रॉडमूर नावाचं खास रुग्णालय सुरू झालं तेही १८६३ सालीच. स्वतःच्या देशात ही अक्कल होती, इकडं येताना ती बोटीत चढली नाही.)

त्या राजाच्या मागं १८८४ मध्ये कागलचे यशवंतराव दत्तक आले. तेच आपले शाहू महाराज. आज थोरल्या दवाखान्याशी जोडलेल्या सरकारी मेडिकल कॉलेजला नाव त्यांचं आहे. म्हणून म्हणते, मन आणि कायदा एकत्र शिकवायची सुरुवात महाराष्ट्रात कुठून व्हायची असेल तर तिचा पहिला मान याच कॉलेजचा.

आमची धाकटी भाची इंग्लंडात मानसोपचारतज्ज्ञ आहे. तिला मी फोनवर हे सगळं सांगितलं, दाखल्याची गंमत पण सांगितली. ती हसली नाही. तिच्याकडं डॉक्टर झाल्यावर दोन वर्षं पायाभूत काम, मग तीन वर्षं मानसोपचार, आणि ज्याला कोर्टाच्या, तुरुंगाच्या कामाकडं जायचंय त्याला त्यापुढं आणखी तीन वर्षं फक्त त्याचंच शिक्षण. अमेरिकेत मानसोपचाराच्या चार वर्षांनंतर एक वर्ष. आपल्याकडंही हे अगदीच नाही असं नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये याचा वेगळा विभाग आहे आणि एमडीनंतर तिथं हे शिकता येतं. फोरेन्सिक सायकिअ‍ॅट्री म्हणतात. पण एका बंगळुरूवर सगळ्या देशाची कोर्टं चालायची म्हणजे एका विहिरीवर सगळ्या तालुक्याचं पाणी.

मी भाचीला विचारलं, तीन वर्षं शिकवतात तरी काय? ती म्हणाली, मावशी, पहिला धडा म्हणजे स्वतःची ओळख बदलून सांगायची. दवाखान्यात पेशंट समोर बसला की तो आपला असतो, त्यानं सांगितलेलं पोटात ठेवायचं. कोर्टासाठी तपासताना आधी सांगावं लागतं की बाबा, मी इथं तुझा डॉक्टर म्हणून आलेलो नाही, तू बोलशील ते कोर्टात जाईल, नको असेल तर बोलू नकोस. हे न सांगता गोड बोलून माहिती काढली तर ती फसवणूक. दुसरा धडा, एकट्या आरोपीचं ऐकून काही लिहायचं नाही. घरचे, शेजारी, जुने कागद, पोलिसांचे जबाब, तुरुंगातल्या रोजच्या नोंदी, सगळं बघायचं. तिसरा, 'सांगता येत नाही' हे लिहायला शिकायचं. कोर्ट हो की नाही विचारतं, वकील बोटं नाचवतो, पण जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणण्याची हिंमत शिकवावी लागते, ती आपोआप येत नाही.

आणि सोंग? मी मुद्दाम विचारलं. कारण मला ठाऊक आहे, हे वाचून तुमच्यातले निम्मे म्हणणार की बाईंनी खुन्यांना पळवाट काढून दिली, उद्या जो तो वेड पांघरून पेडगावला जाईल. आमचे शेजारी, निवृत्त पोलीस अधिकारी, हे मला रोज संध्याकाळी ऐकवतात. भाची म्हणाली, सोंग ओळखायला तर हे शिक्षण हवं. सोंग घेणारा नेहमी जास्त करतो. त्याला वाटतं, जितकं विचित्र तितकं खरं वाटेल. त्याला आवाज चोवीस तास ऐकू येतात, सगळीच लक्षणं त्याला एकदम होतात. खरा आजारी बहुतेक वेळा आजार लपवतो. आपल्याला काही झालेलं नाही असंच सांगतो. विचार करा, माझा विद्यार्थी डॉक्टरांशी 'नीट बोलला' म्हणून शहाणा ठरला. न शिकलेल्या डॉक्टरला सोंगाड्या फसवतो आणि खरा आजारी निसटतो. म्हणजे पळवाट आज आहे, माझ्या मागणीनं ती बुजेल.

पोलीसकाकांसाठी आणखी एक. वेडाच्या कारणावरून सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर भेळ खायला मोकळा होत नाही. कोर्टानं त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं असतं किंवा जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाच्या हवाली करायचं असतं, असं कायदाच सांगतो. उलट आपल्याकडची खरी भीती म्हणजे असा माणूस आत विसरला जातो. आसामचे मचल लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले, मनोरुग्णालयात गेले, १९६७ मध्ये डॉक्टरांनी बरे आहेत म्हणून कळवलं, आणि सुटले कधी, तर २००५ मध्ये! चोपन्न वर्षं. खटला चाललाच नाही. एका कागदाचा दुसऱ्या कागदाशी संबंध लावणारा कुणी नव्हता.

बळी पडलेल्यांच्या घरच्यांनाही हे शिक्षण हवं आहे, हे मला पुण्याच्या घटनेवरून पटलं. २५ जानेवारी २०१२ ला स्वारगेटहून एका एसटी चालकानं बस पळवली, रस्त्यात दिसेल त्याला उडवलं, नऊ माणसं गेली. बचावानं मानसिक आजाराचा मुद्दा घेतला, डॉक्टरची साक्ष झाली. एकाही कोर्टानं तो बचाव मानला नाही. फाशी झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची जन्मठेप केली. त्या निकालावर मी बोलणार नाही, माझा तो अधिकार नाही. पण त्या नऊ घरांना सात वर्षांत एकदा तरी असं कुणी भेटलं असेल का, की ज्यानं सगळं तपासून, कुणाचीही बाजू न घेता सांगितलं, 'हा माणूस असा होता, त्या सकाळी याच्या डोक्यात हे होतं आणि हे नव्हतं'? संशय राहिला की दुःख शिळं होत नाही. घरात एक अपघाती मृत्यू बघितलेली बाई म्हणून हे सांगते.

न्यायालयं मात्र पुढं गेली आहेत. २०१९ मध्येच, महाराष्ट्रातल्या एका फाशीच्या कैद्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकाराचा विचार करून फाशी रद्द केली. आजारी माणसाची ओळख उघड होऊ नये म्हणून निकालात त्याचं नावही घातलं नाही. २०२२ मध्ये याच न्यायालयानं सांगितलं की फाशीचा प्रश्न असेल तिथं आरोपीची मानसिक तपासणी सरकारनं खटल्याच्या टप्प्यावरच कोर्टापुढं ठेवली पाहिजे. फार चांगलं झालं. पण तपासणार कोण? कोर्ट पंगत मांडून बसलं आहे, आणि आम्ही अजून आचारी शोधतोय.

आमचे फॅमिली डॉक्टर (दाखलेवाले नव्हेत, दुसरे, जुने) यावर म्हणाले, "बाई, लाखामागं एक मानसोपचारतज्ज्ञ नाही आपल्याकडं. आधी पेशंटला डॉक्टर मिळू दे, मग कोर्टाला." बिनतोड वाटतं. मीही दोन दिवस गप्प बसले. पण मग लक्षात आलं की कोर्ट काही थांबत नाही. डॉक्टर शिकलेला असो नसो, समन्स येतंच, सही होतेच, माणूस आत जातोच. आणि तुरुंगातला मनोरुग्ण हा पेशंट नव्हे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलंय की प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय हवी. सरकारी दवाखान्यांतल्या आणि तुरुंगांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक मानसोपचाराचं शिक्षण द्यायचं. मनोविकाराच्या क्षेत्रातल्या माणसांची संख्या जगात मान्य असलेल्या प्रमाणाला नेण्यासाठी दहा वर्षांत प्रयत्न करायचे. हा कायदा लागू झाला २९ मे २०१८ ला. दहा वर्षं मे २०२८ ला भरतात. दहावीच्या पोरालासुद्धा आम्ही विचारतो, परीक्षा जवळ आली, अभ्यास कुठवर आला? सरकारला कुणी विचारायचं?

त्याच कायद्यात एक फार सुरेख वाक्य आहे. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो 'विकल मनाचा' ठरत नाही, ते कोर्टानं ठरवायचं. किती बायकांचे संसार या एका फरकावर अडकलेत! लग्नानंतर वर्षभरात 'ती वेडी आहे' म्हणून माहेरी आणून सोडलेल्या माझ्या विद्यार्थिनी मी बघितल्या आहेत. एकीच्या घटस्फोटाच्या कागदांना जोडलेला डॉक्टरांचा दाखला दीड ओळीचा होता. ती कधी त्या डॉक्टरांसमोर बसली होती हेही तिला आठवत नव्हतं.

तर माझं मृत्युपत्र. मी तो चार मिनिटांचा कागद फाडला आणि रीतसर एका मानसोपचारतज्ज्ञाकडं गेले. पन्नास मिनिटं. तुमच्या नावावर काय काय आहे? त्यावर कुणाकुणाचा हक्क पोचतो? मग थोरल्याला कमी का? हे कुणी सुचवलं का? तीन वेगवेगळ्या वेळी तेच फिरवून विचारलं. मी जरा चिडलेसुद्धा. बाहेर आले तेव्हा दमले होते, पण कुणीतरी आपल्याला खरंच तपासलं असं वाटलं. माझ्याजवळ पैसे होते, वेळ होता, प्रश्न विचारायची सवय होती. कट्ट्यावर बसून राहिलेल्या त्या पोराजवळ यातलं काय होतं?

म्हणून एक निवेदन लिहिलंय. मुख्यमंत्री, वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि उच्च न्यायालय, तिघांना. मागण्या फार नाहीत. आपल्या मेडिकल कॉलेजात मानसोपचाराच्या एमडीनंतर कोर्टाच्या कामाचं स्वतंत्र प्रशिक्षण सुरू करावं, आणि शिकणाऱ्यांनी काही महिने कळंबा जेलमध्ये, काही रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात काम करावं. बेंचच्या सहाही जिल्ह्यांत असा किमान एक शिकलेला डॉक्टर, एक मानसशास्त्रज्ञ आणि घरी जाऊन चौकशी करणारा एक समाजसेवक असावा. ड्यूटीवरच्या साध्या डॉक्टरांना निदान दोन आठवड्यांचं शिक्षण द्यावं, आणि आरोपीच्या तपासणीच्या फॉर्मवर एक ओळ छापावी: 'पूर्वीच्या उपचारांचे कागद नातेवाइकांकडे मागितले का? होय / नाही.' ही ओळ मी स्वतःच्या हातानं घातली आहे. वकील म्हणाले, भाषा सरकारी नाही. म्हटलं, राहू दे.

त्या विद्यार्थ्याची आई परवा येऊन सही करून गेली. सही म्हणजे अंगठाच. तो आता सुटून घरी आहे, गोळ्या चालू आहेत, दुसऱ्याच्या रानात कामाला जातो, चुलत्याशी बोलतो. पिशवी अजून खिळ्याला आहे म्हणाली. बंद नवीन शिवलाय.

कोल्हापुरातल्यांनी येत्या रविवारी संध्याकाळी पाच ते सात घरी यावं, चहा मिळेल. बाहेरगावच्यांनी प्रतिक्रियेत नाव आणि गाव लिहावं, मी छापून जोडेन. पोलीसकाकांनी अजून सही केलेली नाही. 'सोंगवाला मुद्दा निवेदनात घाला, मग बघू' म्हणालेत. घालते आहे.